वराहज्वर : लस आणि तिच्या पलीकडचे काम

डुक्कर हा शब्द उच्चारला की आपल्याकडील अनेक घरांतून नाक मुरडले जाते. वास्तविक विष्णूच्या दशावतारांत तिसरे स्थान वराहाचे आहे. बदामीच्या चालुक्यांनी वराह हे आपले राजचिन्ह म्हणून मिरविले आणि विजयनगरच्या काळात सोन्याच्या नाण्यालाच वराह हे नाव पडले. परंतु पुराणात आणि राजमुद्रेवर पूज्य ठरलेला हा प्राणी दैनंदिन व्यवहारात मात्र शिवीपुरताच उरला. गोमंतकात त्याचा शेजार तसा जुना आहे. ख्रिस्ती बांधवांच्या घरामागे एखाददुसरे डुक्कर पाळलेले असावयाचे, नाताळाला किंवा घरातील लग्नकार्याला त्याचे सोरपोतेल व्हावयाचे, हे दृश्य गोव्याच्या खेड्यात वाढलेल्या कोणालाही नवे नाही. आगोंद गावाच्या नावाने ओळखली जाणारी गोमंतकीय डुकराची देशी जात तर आज देशाच्या नोंदणीकृत जातींच्या यादीत जाऊन बसली आहे. आपल्या ताटात हे मांस येवो वा न येवो, शेजारच्या घरातील संसाराला ज्या प्राण्याचा आधार आहे, त्याच्या आरोग्याविषयी दोन गोष्टी आपल्याला ठाऊक असाव्यात, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करावयास हवा. २००९ साली स्वाइन फ्लूच्या साथीने सर्वत्र भीती पसरली. त्या साथीतील भारतातील पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि त्यानंतर डुक्कर दिसले तरी माणसे तोंडावर रुमाल धरू लागली. तो आजार माणसांकडून माणसांकडे पसरणारा इन्फ्लुएंझा होता. आज आपण ज्या रोगाचा विचार करणार आहोत तो सर्वस्वी निराळा आहे. पशुवैद्य त्याला क्लासिकल स्वाइन फीवर म्हणतात. अमेरिकेत जुन्या काळी त्याला हॉग कॉलरा म्हणत असत. येथे आपण त्याला वराहज्वर म्हणू. हा रोग माणसाला होत नाही. रोगी डुकराला हात लावल्याने होत नाही आणि त्याचे मांस खाल्ल्यानेही होत नाही. त्याचे सारे संकट डुकरांवर आणि डुकरांवर ज्यांचा संसार चालतो त्यांच्यावर कोसळते.

रोगाचे स्वरूप

वराहज्वराचा विषाणू अतिशय सूक्ष्म असून गुरांमध्ये अतिसार उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूचा तो जवळचा नातलग आहे. तो एकदा कळपात शिरला की डुकरे खाणे सोडतात, त्यांना एकेचाळीस-बेचाळीस अंशांपर्यंत ताप चढतो आणि थंडी वाजत असल्याप्रमाणे ती एकमेकांच्या अंगावर रेलून ढीग करून पडतात. आधी मलावरोध होतो, मग हगवण लागते. कानांवर, पोटावर आणि मांड्यांच्या आतील बाजूस जांभळट डाग उमटतात. मागचे पाय लटपटू लागतात. तीव्र स्वरूपाच्या आजारात दोनतीन आठवड्यांच्या आत बहुतेक डुकरे दगावतात, आणि पिलांची स्थिती तर सर्वांत वाईट असते. या रोगावर औषध नाही.

याहूनही फसवे असे या विषाणूचे एक रूप आहे. गाभण डुकरिणीला सौम्य लागण झाली तर ती स्वतः ठणठणीत दिसते. परंतु विषाणू गर्भापर्यंत पोहोचतो. कधी पिले मृत जन्मतात, तर कधी जिवंत आणि दिसावयास निरोगी अशी जन्मतात. अशी पिले काही महिने जगतात आणि त्या साऱ्या काळात आपल्या भोवती विषाणू उधळीत राहतात. घरधनी मोठ्या आशेने त्यांना बाजारात नेतो आणि त्यांच्याबरोबर रोगही दुसऱ्या गावी विकला जातो.

विषाणूचा दुसरा मार्ग मांसातून जातो. गोठविलेल्या मांसात तो वर्षानुवर्षे तग धरतो आणि खारविलेल्या मांसातही महिनोन्‌महिने राहतो. खाणावळीतील खरकटे न उकळता डुकरांना घातले आणि त्या खरकट्यात रोगी डुकराच्या मांसाचा तुकडा असला, तर रोग शेकडो मैल ओलांडून नव्या ठिकाणी उतरतो. खरकटे नीट उकळून घातले असता विषाणू मरतो. जगातील अनेक साथींचे मूळ या एका न पेटविलेल्या चुलीपाशी सापडते.

सत्तर वर्षांची दिशाभूल

या रोगाशी माणसाने दिलेल्या झुंजीचा सर्वांत बोधप्रद अध्याय अमेरिकेत लिहिला गेला. तेथील ओहायो राज्यात १८३३ च्या सुमारास हा रोग प्रथम आढळल्याचे सामान्यतः मानले जाते. पुढे आगगाड्या आल्या, मक्याच्या प्रदेशातून डुकरांचे कळप शहरांकडे जाऊ लागले आणि त्यांच्याबरोबर हा रोगही साऱ्या देशभर पसरला. तेव्हा १८८४ साली तेथील सरकारने पशुरोगांच्या अभ्यासासाठी एक खाते उघडले. डॅनियल साल्मन हे त्याचे पहिले प्रमुख. त्यांचे तरुण सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांनी रोगी डुकरांच्या शरीरातून एक जंतू वेगळा काढला आणि हाच वराहज्वराचा जंतू, असे दोघांनी १८८५ च्या सुमारास जाहीर केले.

ते निदान चुकीचे होते. तो जंतू रोगाने दुबळ्या झालेल्या शरीरात मागाहून शिरणारा आगंतुक होता. पुढे साल्मन यांच्या नावावरून त्या जंतूच्या कुळाला साल्मोनेला हे नाव मिळाले. अन्नविषबाधेच्या संदर्भात ते आज सर्वपरिचित आहे. चुकीच्या निदानातूनही एक मोलाची गोष्ट हाती लागली. उष्णतेने मारलेले जंतू टोचले असता कबुतरांना त्या जंतूपासून संरक्षण मिळते, असे साल्मन आणि स्मिथ यांनी १८८६ साली दाखविले. मृत जंतूंपासून लस करता येते, या कल्पनेचा तो आरंभच होय. मात्र डुकरांना त्याचा उपयोग झाला नाही, कारण खरा शत्रू दुसराच होता.

तो शत्रू १९०३ साली उघड झाला. एमिल द श्वाइनिट्स आणि मॅरियन डॉर्सेट या दोघा शास्त्रज्ञांनी रोगी डुकरांचे रक्त चिनी मातीच्या अशा गाळणीतून गाळले की जिच्यातून कोणताही जंतू पलीकडे जाऊ शकत नाही. गाळून आलेल्या निवळ द्रवाने निरोगी डुकरांना तोच रोग झाला. जंतूहून कितीतरी सूक्ष्म असे काहीतरी त्यात होते, आणि त्यालाच पुढे विषाणू म्हटले जाऊ लागले. रोगाची पहिली नोंद आणि त्याच्या कारणाची ओळख यांच्यामध्ये सत्तर वर्षे गेली होती.

उपाय जो रोगालाच पोसत राहिला

डॉर्सेट एवढ्यावर थांबले नाहीत. वराहज्वरातून वाचलेल्या डुकराला तो रोग पुन्हा होत नाही, ही गोष्ट शेतकऱ्यांना माहीत होती. अशा डुकराला पुनःपुन्हा विषाणू टोचून त्याच्या रक्तातील प्रतिकारशक्ती पराकोटीला न्यावयाची आणि त्या रक्ताचे रक्तजल निरोगी डुकरांना द्यावयाचे, अशी युक्ती त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली. १९०७ साली आयोवा राज्यातील शेतांवर तिची मोठी चाचणी होऊन ती यशस्वी ठरली. या पद्धतीचे एकस्वही अशा रीतीने घेण्यात आले की देशातील कोणालाही मोबदला न देता तिचा उपयोग करता यावा.

तथापि नुसत्या रक्तजलाचे संरक्षण काही आठवड्यांत ओसरत असे. म्हणून एका मांडीत रक्तजल आणि दुसऱ्या मांडीत रोगी डुकराचे जिवंत विषाणूयुक्त रक्त, अशी दुहेरी टोचणी रूढ झाली. रक्तजल ढालीचे काम करी, तोवर विषाणू शरीराला लढावयास शिकवी आणि डुक्कर जन्मभर सुरक्षित होई. शेतकऱ्यांना तर ही संजीवनीच वाटली. कोट्यवधी डुकरे टोचली गेली, असंख्य कुटुंबे कर्जातून वाचली.

पण या उपायाच्या पोटातच एक अपाय दडलेला होता. प्रत्येक टोचणीबरोबर जिवंत आणि पूर्ण शक्तीचा विषाणू गावोगाव नेला जात होता. रक्तजल कमी पडले तर टोचलेले डुक्करच आजारी पडे. ते आजारी न पडले तरी काही काळ विषाणू बाहेर टाकी आणि शेजारच्या न टोचलेल्या कळपाला रोग देई. त्या शेजाऱ्यालाही मग टोचणीवाचून गत्यंतर उरत नसे. अशा रीतीने जी टोचणी डुकरांना वाचवीत होती तीच रोगाला जिवंत ठेवीत होती. चाळीसपन्नास वर्षे हे चक्र फिरत राहिले. साथी सौम्य झाल्या, पण संपल्या मात्र नाहीत.

१९५० नंतर दुर्बल केलेल्या विषाणूंच्या लसी बाजारात आल्या आणि पूर्ण शक्तीचा विषाणू वापरण्याचे कारण उरले नाही. १९६१ साली अमेरिकेच्या काँग्रेसने रोगाच्या समूळ उच्चाटनाचा कायदा केला आणि पुढल्या वर्षी काम सुरू झाले. रोगाची सूचना देणे सक्तीचे झाले. डुकरांच्या वाहतुकीवर नियंत्रण आले. खरकटे उकळण्याचे नियम कठोर झाले. रोगी कळप नष्ट करून मालकाला भरपाई देण्याची व्यवस्था झाली. जिवंत विषाणूची टोचणी टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली आणि अखेर सर्वच लसी थांबविण्यात आल्या. ज्या लसीने आपल्या बापजाद्यांची शेती वाचविली ती आता घ्यावयाची नाही, हे शेतकऱ्याला पटविणे किती अवघड गेले असेल याची कल्पना करावी. शेवटची साथ १९७६ साली न्यू जर्सी राज्यात झाली आणि ३१ जानेवारी १९७८ रोजी अमेरिका या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. या सोळा वर्षांच्या मोहिमेस सुमारे चौदा कोटी डॉलर खर्च आला.

यावरून लसच नको, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. चांगल्या लसीने रोगाचे प्रमाण आटोक्यात आणल्यावाचून कळप नष्ट करण्याचा उपाय कोणत्याही देशाला परवडला नसता. लस ही नदी पार करण्याची नाव आहे. पैलतीर दिसण्यापूर्वी ती सोडू नये आणि पैलतीरी पोहोचल्यावर ती डोक्यावर वाहू नये, एवढाच या कथेचा अर्थ.

तीर गाठल्यावरचे संकट

पैलतीरी पोहोचलेल्या देशांनाही पुढे निश्चिंत राहता आले नाही. युरोपातील समाईक बाजारपेठेच्या देशांनी १९९० पासून नित्याची लस बंद केली. टोचलेले डुक्कर आणि रोगातून उठलेले डुक्कर यांच्या रक्तात जुन्या चाचणीने भेद करता येत नाही, त्यामुळे लस घेणाऱ्या देशाचे मांस परदेशी विकणे कठीण होते, हे त्याचे मोठे कारण. १९९७ च्या हिवाळ्यात जर्मनीत डुकरे पोहोचवून परतलेल्या एका मालमोटारीतून विषाणू नेदरलँड्समध्ये शिरला, असा तपासाचा निष्कर्ष आहे. कडाक्याच्या थंडीत त्या गाडीची धुलाई नीट झाली नव्हती. ४२९ फार्मांवर रोग आढळला. परंतु मारल्या गेलेल्या डुकरांची संख्या एक कोटीच्या आसपास गेली. त्यांपैकी बहुसंख्य डुकरे निरोगी होती. हलविण्यास बंदी असल्यामुळे गोठ्यात जागा उरली नाही किंवा ती रोगाच्या टापूत होती, एवढाच त्यांचा अपराध. त्या दृश्यांनी युरोपची सदसद्विवेकबुद्धी हादरली. टोचलेले आणि रोगी यांतील भेद ओळखता येईल अशा नव्या लसींच्या संशोधनाला त्यानंतर विशेष गती मिळाली.

जपानची कथा अधिक अलीकडची. तेथे १९९२ नंतर हा रोग दिसला नव्हता आणि २००६ साली लस बंद करण्यात आली. सव्वीस वर्षांच्या खंडानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये गिफू प्रांतातील एका फार्मवर तो पुन्हा अवतरला आणि लवकरच रानडुकरांत शिरला. रानडुकरांना सुई कोण टोचणार? म्हणून २०१९ च्या मार्चपासून लस भरलेली खाद्याची आमिषे जंगलात पुरून ठेवण्यात आली. ही युक्ती जर्मनीने पूर्वी यशस्वीपणे योजिली होती. पाळीव डुकरांना लस द्यावी की न द्यावी, यावर जपानमध्ये वर्षभर खल झाला. लस दिली तर रोगमुक्त देश ही प्रतिष्ठा आणि निर्यात धोक्यात. न द्यावी तर कळपामागून कळप मारावे लागत होते. अखेर ऑक्टोबर २०१९ मध्ये लसीकरण पुन्हा सुरू झाले. सोडलेली नाव त्यांना परत आणावी लागली.

सशाच्या प्लीहेतून

आता आपल्या देशाकडे वळू. येथे आपण अजून नदीच्या मध्यावरही आलेलो नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ९०.६ लक्ष डुकरे होती आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मी ईशान्येकडील राज्यांत. एकट्या आसामात ती एकवीस लक्ष होती. तेथील डोंगराळ गावांत घरापाठीमागच्या दोन डुकरिणी म्हणजे त्या कुटुंबाची बँकच. मुलाची शाळेची फी, घरातील आजारपण, मुलीचे लग्न, यांसाठी पैसा लागला की एक डुक्कर विकले जाते. अशा घरात वराहज्वर शिरणे म्हणजे बँक एका रात्रीत बुडण्यासारखे आहे, आणि या बँकेला ठेवविम्याचे संरक्षण नाही.

भारतात १९६४ पासून जी लस वापरली गेली तिचा मूळ विषाणू इंग्लंडमधील वेब्रिज येथून आलेला होता. विषाणूला सशांच्या शरीरातून वारंवार नेले की तो सशाला सरावतो आणि डुकराला मारण्याचे त्याचे सामर्थ्य नष्ट होते. परंतु शरीराला लढावयास शिकविण्याचा गुण मात्र त्याच्यात राहतो. चीनमध्येही १९५० च्या दशकात याच तत्त्वावर तयार झालेली लस पुढे जगभर नावाजली गेली. आपल्याकडील लस सशांना विषाणू टोचून आणि त्यांच्या प्लीहेपासून बनविली जात असे. एका सशाच्या प्लीहेतून केवळ पन्नास मात्रा मिळत.

देशाची गरज वर्षाला २ कोटी २० लक्ष मात्रांची आणि अशा रीतीने तयार होणाऱ्या मात्रा अवघ्या १२ लक्ष, असे सरकारी आकडे २०२० साली प्रसिद्ध झाले. साधे त्रैराशिक मांडले तर सारी गरज भागविण्यासाठी दरसाल ४ लक्ष ४० हजार ससे मारावे लागले असते. डुकरे वाचविण्यासाठी सशांची अशी आहुती देणे नैतिकदृष्ट्या अस्वस्थ करणारे होतेच, पण व्यवहारातही अशक्य होते. रोगामुळे होणारे देशाचे वार्षिक नुकसान सुमारे ४३० कोटी रुपयांचे असल्याचा अंदाज त्याच वेळी मांडण्यात आला होता.

बरेलीजवळील इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी या कोंडीतून वाट काढली. प्रथम त्यांनी सशातील लसविषाणू प्रयोगशाळेतील पेशींवर वाढविण्याची पद्धत बसविली. त्यानंतर देशातच सापडलेल्या विषाणूला पेशींवर वाढवून दुर्बल केले आणि त्यापासून संपूर्ण स्वदेशी लस तयार केली. फेब्रुवारी २०२० मध्ये ती जाहीर झाली. जुन्या लसीची एक मात्रा पंधरा ते पंचवीस रुपयांना पडे. नवी दोन रुपयांहून कमी खर्चात होईल असे सांगण्यात आले. जुन्या लसीचे संरक्षण तीन ते सहा महिने टिकत असे; नव्या लसीचे टोचल्यापासून चौदाव्या दिवसापासून दोन वर्षांपर्यंत टिकल्याचे आढळले. काचेच्या भांड्यात वाढणाऱ्या पेशींनी सशांचा जीव वाचविला आणि लस मुबलक होण्याचा मार्ग खुला केला.

सुई टोचण्यापूर्वी आणि टोचल्यानंतर

लस मुबलक झाली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. कुपी कारखान्यातून डुकराच्या मानेपर्यंत पोहोचेस्तोवर तिच्या वाटेत अनेक ठेचा असतात.

पहिली अडचण उष्णतेची. ही जिवंत विषाणूची लस असल्याने ती दोन ते आठ अंशांच्या थंडाव्यात राहावी लागते. वाटेत बर्फ वितळले, वीज गेली, किंवा पातळ केलेली कुपी दुपारभर उन्हात राहिली, तर सुईतून जाते ते निव्वळ पाणी. डुकराला टोचल्याची नोंद होते, संरक्षण मात्र मिळत नाही. जंतुनाशकाने धुतलेली पिचकारी नीट न सुकविता वापरली तरीही लसीतील विषाणू मरतो. म्हणून पिचकारी आणि सुई पाण्यात उकळून निर्जंतुक करणे हेच उत्तम. एकच सुई कळपामागून कळप फिरविली तर टोचणाराच रोगाचा वाहक होतो.

दुसरी अडचण पिलांच्या वयाची. टोचलेल्या डुकरिणीच्या पहिल्या चिकातून पिलांना आईची प्रतिकारशक्ती मिळते. हे वरदान काही आठवडे टिकते. पण त्या अवधीत पिलाला लस दिली तर आईकडून आलेली तीच शक्ती लसीतील विषाणूला गारद करते आणि टोचणी फुकट जाते. उलट फार उशीर केला तर आईचे कवच गळून पडलेले आणि स्वतःचे अजून न चढलेले, अशा उघड्या अवस्थेत पिलू रोगाला सापडते. म्हणून आई टोचलेली आहे की नाही हे पाहूनच पशुवैद्य पिलाच्या टोचणीचा दिवस ठरवितात. याकरिता पाळणाऱ्याने तारखांची वही ठेवणे हे लसीइतकेच महत्त्वाचे आहे.

तिसरी अडचण माणसांची आहे. आजारी डुक्कर दिसताच ते पशुवैद्याला दाखविण्यापेक्षा रातोरात विकून चार पैसे मिळवावेत, असा मोह गरिबाला होतो. त्याला दोष देणे सोपे आहे. पण रोगाची सूचना देणाऱ्याला भरपाई वेळेवर मिळेल, असा विश्वास त्याला कोणी दिला आहे काय? अमेरिकेची मोहीम यशस्वी झाली ती केवळ शास्त्रामुळे नव्हे. सूचना देणाऱ्याचे नुकसान सरकारने भरून द्यावयाचे, हा करार पाळला गेला म्हणून. आपल्याकडेही २०१४-१५ पासून वराहज्वर नियंत्रणाची योजना सुरू झाली आणि पुढे या रोगाच्या लसीकरणासाठी राज्यांना केंद्राकडून पूर्ण अर्थसाहाय्य देण्याचे ठरले. लसीबरोबर विश्वासही तितक्याच निष्ठेने गावात पोहोचला पाहिजे.

सारखाच चेहरा, निराळा शत्रू

हा विश्वास आज एका नव्या संकटाच्या कसोटीला लागला आहे. आफ्रिकन स्वाइन फीवर नावाचा रोग २०२० साली भारतात प्रथमच आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला. पुढील वर्षी मिझोराममध्ये त्याने हजारो डुकरांचा बळी घेतला आणि २०२२ च्या जुलैत तो केरळातील वायनाडपर्यंत पोहोचला. नावात साम्य असले आणि ताप, जांभळे डाग, मृत्यू ही लक्षणे तशीच असली तरी त्याचा विषाणू अगदी वेगळ्या कुळातला आहे. नुसत्या डोळ्यांनी अनुभवी पशुवैद्यालाही दोहोंतील फरक सांगता येत नाही. प्रयोगशाळेतील तपासणीच करावी लागते.

आपण वर्णन केलेली लस या नव्या रोगापुढे निरुपयोगी आहे. आफ्रिकन ज्वरावर लस करण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकात पोर्तुगालमध्ये झाले. टोचलेल्या अनेक डुकरांना तोच रोग जुनाट स्वरूपात जडला आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. व्हिएतनामने २०२२ साली अशी लस वापरात आणली, तेव्हाही काही डुकरांच्या मृत्यूमुळे ती मध्येच थांबवावी लागली. पुढे २०२३ मध्ये तेथे तिचा वापर विस्तारला. परंतु रक्तजल आणि विषाणू यांच्या दुहेरी टोचणीचा अमेरिकन धडा विसरून चालणार नाही. जिवंत विषाणूची लस घाईने पसरविली तर ती स्वतःच रोगाचे बी होऊ शकते, म्हणून तिच्याकडे जगातील शास्त्रज्ञ सावधपणे पाहत आहेत.

या दोन रोगांच्या सारखेपणाने गावात काय घडू शकते ते पाहा. एखाद्या बाईने विश्वासाने आपल्या डुकरांना वराहज्वराची लस टोचून घेतली आणि महिन्याभराने आफ्रिकन ज्वराने ती सारी मेली, तर ती म्हणणार की लस खोटी होती. तिची शेजारीण पुढल्या खेपेस टोचणाऱ्याला अंगणात पाऊल टाकू देणार नाही. मग जो रोग खरोखर टाळता येण्यासारखा आहे तोही टळणार नाही. म्हणूनच लस टोचणाऱ्याने दोन वाक्ये अधिक बोलली पाहिजेत: ही लस कोणत्या रोगाची आहे आणि कोणत्या रोगाची नाही. ती दोन वाक्ये घरधनिणीच्या भाषेत, तिच्या उंबऱ्यावर बसून बोलली गेली पाहिजेत. मेलेल्या डुकराचा नमुना तपासून खरे कारणही तिला कळविले पाहिजे. कारण कळल्याने तिचे गेलेले डुक्कर परत येणार नाही, पण पुढचे डुक्कर टोचून घेण्याची तिची तयारी मात्र टिकून राहील.

आपणांपैकी ज्यांचा डुकरे पाळण्याशी काहीच संबंध नाही त्यांच्याही हाती एक काम आहे. घरचे, खाणावळीचे किंवा मंगलकार्यातील मांसाचे खरकटे न उकळता कोणाच्या डुकरांपुढे जाऊ देऊ नये, आणि परराज्यातून वा परदेशातून येताना डुकराचे मांस पिशवीत आणू नये. शेजारच्या घरी चार डुकरे एकाएकी आजारी पडल्याचे कानी आले तर नाक मुरडण्याऐवजी जवळच्या पशुचिकित्सालयाला कळवावे. एका फोनला फारसा वेळ लागत नाही, आणि त्या वेळात एखाद्या कुटुंबाची वर्षभराची पुंजी वाचू शकते.